थरोब्रेड स्टड फार्म आणि घोड्यांचं संगोपन : आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी ही घोड्यांची मोठी शर्यत झाली की पुढचे आठ दिवस आमचा फोन थांबत नाही. बोलणाऱ्याकडे थोडी जमीन असते, थोडा पैसा असतो आणि डोक्यात एक घोडा शिरलेला असतो. पुणे जिल्ह्यात आमचा छोटा फार्म आहे. आमच्याकडे प्रामुख्याने इतरांच्या गाभण आणि व्यायलेल्या घोड्या सांभाळायला असतात. फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून हे लिहून काढलं.

थरोब्रेड म्हणजे उंच, तगडा, शर्यतीचा घोडा ना?

नाही. थरोब्रेड ठरतो तो वंशावळीच्या वहीत (स्टड बुकात) नाव असल्यामुळे, दिसण्यामुळे नाही. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये बायर्ली टर्क, डार्ले अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तीन नर आणले गेले. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची बापाकडची ओळ या तिघांपैकी एकापर्यंत पोचते. ज्याचे आई-बाप वहीत, तोच वहीत. घोडा कितीही देखणा असला तरी नोंद नसेल, तर या धंद्यात तो नुसता घोडा.

सारंगखेड्याच्या बाजारातून चांगली मारवाडी घोडी घेतली आहे. तिला थरोब्रेड लावला तर?

शिंगरू छान होईल, कदाचित वरातीत भावही खाईल. पण ते थरोब्रेड म्हणून नोंदवलं जाणार नाही, रेसकोर्सवर धावणार नाही, आणि त्याच्या पुढच्या पिढ्याही नाहीत. मारवाडी, काठियावाडी, आपली भीमथडी या स्वतंत्र जाती आहेत. त्या शुद्ध राखणं हे वेगळं आणि चांगलं काम आहे, तेवढी दोन्हींची सरमिसळ करू नका.

गाईंसारखं कृत्रिम रेतन करता येत नाही का? मग स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा नर, पाळायलाच नको.

इथेच घोडं पेंड खातं. थरोब्रेडमध्ये जगभर एकच नियम आहे : घोडी आणि स्टॅलियन प्रत्यक्ष एकत्र यायला हवेत. कृत्रिम रेतन, भ्रूण प्रत्यारोपण, क्लोनिंग यातलं काहीही केलं तरी शिंगराची नोंद होत नाही. म्हणजे वीर्याची कांडी कुरिअरने येत नाही. एक तर घोडीला ट्रकमध्ये घालून स्टॅलियनकडे न्यायचं, नाही तर स्टॅलियन दारात बांधायचा. या एका नियमामुळेच घोडी सांभाळणाऱ्या फार्मांना काम मिळतं. मालक शहरात, घोडी गाभण राहीपर्यंत आणि बऱ्याचदा व्यायल्यानंतरही महिनोन् महिने फार्मवर.

मग सुरुवात कशाने करू? आधी एक जबरदस्त स्टॅलियन आणायचा विचार आहे.

हा विचार प्रत्येकाचा असतो, आणि आमचं उत्तर प्रत्येकाला तेच : आधी घोड्या सांभाळायला शिका. निदान तीन हंगाम दुसऱ्यांच्या घोड्या सांभाळा, त्यांची बाळंतपणं करा, मग स्टॅलियनचं बघू.

स्टॅलियन हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात बेभरवशाचा भाग आहे. अमेरिकेतल्या सिगारचं उदाहरण घ्या. 1994 ते 1996 या काळात त्याने सलग 16 शर्यती जिंकल्या. निवृत्त करून पैदाशीला ठेवला, 34 घोड्या दाखवल्या आणि एकही गाभण राहिली नाही. विमा होता म्हणून मालक वाचले. धावणं आणि बाप होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते शर्यतीच्या निकालात दिसत नाही. घोडा सुपीक निघाला तरी त्याची पहिली पोरं धावून काही करून दाखवेपर्यंत चार-पाच वर्षं जातात. मधल्या काळात लोक नव्या स्टॅलियनकडे वळतात आणि तुमच्या घोड्याचं दार ओस पडतं. उलट रझीनसारखा एखादा, नॉर्दर्न डान्सरचा मुलगा, हरियाणातल्या उषा स्टडमध्ये उभा राहतो आणि वर्षानुवर्षं देशातल्या अव्वल नरांमध्ये गणला जातो. तसा घोडा आपल्याला मिळेल या आशेवर कर्ज काढू नका.

घोडी सांभाळण्याचं तसं नाही. दर रोजाच्या हिशेबाने पैसे येतात, आणि रात्री अडीच वाजता शिंगरू आडवं आलं तर काय करायचं हे हातांना कळतं. ते हात नसलेल्या फार्मवर आपली घोडी कुणी पाठवत नाही, स्टॅलियन कितीही मोठा असो.

जमीन किती आणि कशी हवी?

एका घोडीमागे एक ते दोन एकर चांगलं कुरण धरा. पण एकरांपेक्षा मातीचा पोत महत्त्वाचा. काळी कसदार जमीन उसाला सोनं, घोड्याला शाप : पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात हातभर भेगा. धावतं शिंगरू भेगेत पाय घालतं आणि संपतं. पाण्याचा निचरा होणारी, थोडी उताराची, मुरमाड जमीन उत्तम. पाणी मात्र बारमाही हवं. एक घोडी दिवसाला 30 ते 50 लिटर पिते, पाजणारी असेल तर त्याहून जास्त. एप्रिल-मेमध्ये बोअरला किती पाणी असतं हे स्वतः बघितल्याशिवाय व्यवहार करू नका. विकणारा नेहमी ऑगस्टमध्ये जमीन दाखवतो.

कुंपणाला काटेरी तार अजिबात नको. घोडा घाबरला की आधी पळतो, मग बघतो. लाकडी किंवा पाइपच्या आडव्या पट्ट्या, साडेचार-पाच फूट उंचीच्या. स्टॅलियनला सहा फूट, आणि त्याच्या व शेजारच्या वाड्याच्या मध्ये माणूस चालेल एवढी गल्ली. ठाण 12 बाय 12 फुटांचं पुरतं, विण्यासाठी मात्र 16 बाय 16 च्या दोन खोल्या वेगळ्या बांधा. जुन्नर, शिरूर, खेड, आंबेगाव या बाजूला असाल तर उसातला बिबट्या हिशेबात धरा. तिकडे शिंगरं दिवेलागणीच्या आत पागेत आलीच पाहिजेत.

आम्ही शेतकरी नाही. जमीन घेता येईल का?

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला सर्वसाधारणपणे शेतकरी असावं लागतं. सातबारा, कमाल धारणेची मर्यादा आणि बांधकामाची परवानगी हे तिन्ही वकिलाकडून तपासून घ्या. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी आधी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने सुरुवात केली, आणि ते शहाणपणाचं ठरलं. एक जाता जाता : घोड्यांची पैदास ही प्राप्तिकराच्या लेखी शेती नव्हे. ते उत्पन्न करमुक्त समजून बसू नका.

चंदीत काय द्यायचं? गोठ्याचा अनुभव आहे, तोच चालेल ना?

गोठ्याचा अनुभव कामाचा आहे, आणि घातकही तोच ठरतो. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली म्हणजे हायब्रीड नेपियर. आपल्याकडे प्रत्येक बांधावर ते उभं असतं, गाई आनंदाने खातात. त्यात ऑक्झलेट जास्त असतं, ते घोड्याच्या पोटात कॅल्शियम अडकवून टाकतं. गाईच्या कोठीपोटातले जंतू त्याचा बऱ्यापैकी निकाल लावतात, घोड्याला ती सोय नाही. महिनोन् महिने तोच चारा दिला की घोडी हाडातून कॅल्शियम काढते, लंगडते, तोंडाची हाडं सुजतात. त्यावर पोतंभर गव्हाचा कोंडा घातला तर फॉस्फरस वाढून आणखी बिघडतं. कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी कधीच नको, दीडपट असलेलं बरं. म्हणून लसूणघास लावा, वाळलेलं चांगलं गवत साठवा आणि कोंडा चवीपुरता ठेवा.

दुसरी, आणि ही भिंतीवर लिहून ठेवा : कोंबड्यांचं किंवा गाईंचं तयार खाद्य घोड्यापुढे येता कामा नये. त्यात मोनेन्सिन असू शकतं. कोंबडीला जे औषध, ते घोड्याच्या हृदयाचे स्नायू मारतं. एकाच गिरणीत दोन्ही खाद्यं बनत असतील तर त्या गिरणीतून घेऊ नका.

तिसरी म्हणजे बुरशी. घोड्याला उलटी करता येत नाही, आत गेलं ते आतच राहतं. कुबट वास आला की पेंढी थेट उकिरड्यावर. पाचशे किलोची घोडी दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा खाते. ओट, थोडा जव, जवस हे वरचं. गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि दूध देताना चंदी वाढवायची, एरवी घोडी लठ्ठ करण्यात काही भूषण नाही.

घोड्या हिवाळ्यात माजावर येत नाहीत. काय करायचं?

दिवे लावायचे. घोडीचं शरीर दिवसाच्या लांबीवर चालतं. दिवस मोठा होऊ लागला की माज सुरू, दर 21 दिवसांनी, पाच-सात दिवस टिकणारा. पण भारतात सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस 1 जानेवारी. जूनमध्ये जन्मलेलं शिंगरू जानेवारीत जन्मलेल्याच्या बरोबरीचं धरतात, म्हणून प्रत्येकाला लवकरचं शिंगरू हवं. फार लवकरही नको : 31 डिसेंबरला जन्मलं तर दुसऱ्या दिवशी ते कागदावर एक वर्षाचं! 15 फेब्रुवारीला भरवलेली घोडी 320 दिवसांत व्यायली तरी 1 जानेवारी उजाडते, म्हणून त्या सुमाराच्या आधी घाई करत नाहीत.

फेब्रुवारीच्या मध्यावर घोडी तयार हवी तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दिवे सुरू करा. ऊन आणि दिवा मिळून रोज 16 तास उजेड, सलग साठ दिवस. ठाणात कुठेही उभं राहून वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे, एवढा प्रकाश पुरे. संध्याकाळी वीज जाते तिथे इन्व्हर्टर घ्या. अधूनमधून अंधार पडला की सगळी मेहनत वाया जाते.

प्रत्यक्ष कव्हरिंग, म्हणजे घोडी भरवणं, कसं होतं?

आधी टीझर. हा एक सामान्य घोडा, त्याचं काम फक्त विचारायचं. पक्क्या आडोशापलीकडून तो घोडीला हुंगतो, ती शेपटी उचलून स्थिर उभी राहिली तर माजावर आहे, लाथा झाडल्या तर नाही. (बिचाऱ्याची दया सगळ्यांनाच येते.) मग डॉक्टर सोनोग्राफीने बीजकोश बघतात. साधारण 35 मिलिमीटरच्या पुढे गेला की वेळ जवळ आली. वीर्य आत दोन दिवस टिकतं, बीज मात्र सुटल्यावर काही तासच, म्हणून बीज सुटण्याच्या आधी कव्हरिंग झालेलं बरं.

शेडमध्ये घसरणार नाही अशी जमीन, उंच छप्पर. घोडीची शेपटी बांधलेली, मागचा भाग धुतलेला, मागच्या खुरांना जाड नमद्याचे बूट. स्टॅलियनला एकच ठरलेला माणूस, आणि कव्हरिंगची मोरखी वेगळी, कुरणात न्यायची वेगळी. कोणत्या कामाला निघालोय हे घोड्याला मोरखीवरून कळतं. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, आणि मोबाइलवर चित्रीकरण करणारे पाहुणे दाराबाहेर.

गाभण आहे हे केव्हा कळतं? जुळी झाली तर दुहेरी फायदा ना?

बीज सुटल्यापासून 14 ते 16 दिवसांनी पहिली सोनोग्राफी. ती मुख्यतः जुळी शोधण्यासाठीच असते. घोडीत जुळी म्हणजे फायदा नव्हे, संकट. दोघांना पुरेल एवढी जागा गर्भाशयात नसते, बहुतेक वेळा दोन्ही पडतात आणि घोडीही धोक्यात येते. सोळाव्या दिवसापर्यंत दोन्ही पिशव्या हलत असतात, तेवढ्यात डॉक्टर त्यातली एक पिशवी हाताने दाबून फोडतात. पुढे 28 दिवसांच्या आसपास हृदयाचा ठोका बघायचा, मग पुन्हा दीड आणि दोन महिन्यांनी. पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात हर्पिसची लस, ती गर्भपात टाळण्यासाठी.

बाळंतपणाची भीती वाटते. डॉक्टर तासाभराच्या अंतरावर आहेत, चालेल?

चालेल असं म्हणवत नाही, कारण घोडी पाणमोट फुटल्यावर वीस-तीस मिनिटांत वितेच. डॉक्टर पोचतील तेव्हा वरातीमागून घोडे. त्यामुळे जे करायचं ते आधी.

गाभणपण साधारण 340 दिवसांचं, पण 325 पासून पहारा लावा. कासेला पान्हा दाटतो, सडाच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसतात, मग एक-दोन रात्रींत काम. रात्रीच, कारण घोडीला एकांत लागतो. तुम्ही चहा प्यायला गेलात की ती विते. ज्या घोडीचं योनिद्वार हवा जाऊ नये म्हणून टाके घालून अर्धं बंद केलेलं असतं, ते विण्याआधी उघडलंय ना, हे दोनदा तपासा.

आधी पांढुरकी, निळसर झाक असलेली पिशवी दिसली पाहिजे. लाल मखमलीसारखं काही आलं तर वार आधीच सुटली आहे आणि शिंगराला प्राणवायू मिळत नाहीये. आमच्या दुसऱ्याच हंगामात हे झालं. पहारेकरी नवा होता, त्याने बघितलं आणि मला फोन केला. मी झोपेत होतो, तिसऱ्यांदा वाजल्यावर उठलो, पळत पोचेपर्यंत दहा मिनिटं गेली. शिंगरू पूर्ण वाढलेलं होतं, कपाळावर चांदणी होती, श्वास नव्हता. चूक त्याची नव्हती, शिकवलं मी नव्हतं. तेव्हापासून विण्याच्या खोलीबाहेर कात्री दोरीने टांगलेली असते आणि नियम असा : लाल दिसलं की आधी ती पिशवी कापायची, शिंगरू ओढायचं, फोन नंतर.

सगळं ठीक असेल तर तासाभरात शिंगरू उभं राहतं, दोन तासांत पितं, तीन तासांत वार पडते. यातलं काहीही चुकलं तर डॉक्टरांना उठवा. वार अडकली तर घोडीला ताप येतो, खुरांपर्यंत सूज उतरते आणि घोडी कायमची अधू होऊ शकते.

चिकाचं एवढं काय? गाईच्या वासरालाही देतोच की.

घोडीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं शिंगरापर्यंत पोचतच नाहीत. शिंगरू जन्मतः कोरं असतं, जे मिळतं ते चिकातूनच. तेही पहिल्या सहा तासांत उत्तम, चोवीस तासांनंतर आतडं शोषणं बंद करतं. दुसऱ्या दिवशी रक्त तपासून घ्या. डेसिलिटरला 800 मिलिग्रॅम आयजीजी (हेच ते रोगप्रतिकारक द्रव्य) असेल तर निश्चिंत, 400 च्या खाली असेल तर प्लाझ्मा चढवावा लागतो. भरपूर चीक असलेल्या घोडीचा, तिच्या शिंगराचं पोट भरल्यावर, पाव लिटर काढून फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागेल तेव्हा कोमट पाण्यात विरघळवा. आमच्या आत्याने एकदा तो खरवसासाठी ठेवलाय असं समजून बाहेर काढला होता. आता डब्यावर लाल पट्टी असते.

बाहेरून आलेल्या घोड्यांमुळे रोग येतात का?

येतात. तीन आठवडे वेगळ्या पागेत, वेगळी बादली, वेगळा खरारा, शक्य तर घोडा सांभाळणारा मोतद्दारही वेगळा. येण्याआधी गर्भाशयाच्या स्वॅबचा आणि रक्ताचा अहवाल मागा. स्वॅब न केलेल्या घोडीपासून स्टॅलियनला संसर्ग झाला तर तो पूर्ण हंगाम सगळ्यांना वाटत सुटतो. गोचीड, डास आणि माश्यांवर लक्ष ठेवा, त्यांच्यामुळे पसरणारे बबेशिया आणि सरा हे रक्तातले रोग आपल्याकडे आहेतच. ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गाबद्दल मात्र दडवादडवी नको. तो माणसालाही होतो, कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि बाधित घोडा मारावा लागतो, त्याची भरपाई मिळते. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र याची तपासणी करतं.

नोंदणी कुठे?

स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया. तिचं कार्यालय पुण्यातच आहे, आपल्याला तेवढं सोपं. घोडी कोणत्या तारखेला कोणत्या स्टॅलियनला दाखवली, केव्हा व्यायली, हे सगळं तिथे जातं. शिंगराचा डीएनए आई-बापाशी जुळवतात, मानेत मायक्रोचिप बसवतात, अंगावरच्या खुणांचं वर्णन होतं. टीझर चुकून सुटला असेल तर ते इथे उघडं पडतंच, त्यामुळे आधीच सांगा. नाव ठेवताना रोमन लिपीत मोकळ्या जागा धरून 18 अक्षरांची मर्यादा असते. आजीचं पूर्ण नाव बसत नाही म्हणून एक मालक आमच्यावर रुसले होते.

पैसे केव्हा सुटतात?

2027 च्या मार्चच्या मध्यावर घोडी भरवली असं धरू. फेब्रुवारी 2028 मध्ये शिंगरू. पाच-सहा महिन्यांनी दूध तोडायचं. 1 जानेवारी 2029 ला ते एक वर्षाचं धरतात, त्या वर्षी विकू शकता. तीन वर्षांचं 2031 मध्ये, आणि आपली डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची, म्हणजे फेब्रुवारी 2032. तोवर चंदी, नालबंद, डॉक्टर, पगार दर महिन्याला. म्हणून म्हणतो, दुसऱ्यांच्या घोड्यांचं रोजचं भाडं हाच या फार्मचा श्वास. शेण गुलाब आणि मशरूमवाले नेतात, पण त्यावर संसार चालत नाही.

घोडी सांभाळायला घेताना कागद करावा का?

करावाच. रोजचा दर (शिंगरासह वेगळा), डॉक्टरांचं बिल कोणाचं, विमा कोणाचा. सगळ्यात महत्त्वाचं : मालक फोन उचलत नसेल आणि पोटशूळाने घोडी लोळत असेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय कोण घेणार? शिंगरू वाचवायचं की घोडी, हेही लिहून घ्या. अवघड वाटतं, पण रात्री तीनला विचारण्यापेक्षा सोपं आहे. स्टॅलियनची फी ‘शिंगरू जिवंत जन्मलं तरच’ की आधीच, हे त्याच कागदावर.

म्हाताऱ्या घोड्यांचं काय करता?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. पुण्यातल्या पूनावालांच्या स्टडमधले निवृत्त घोडे एके काळी सीरम बनवण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात, आणि ते आपणच का बनवू नये या विचारातून 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. प्रत्येक घोड्याच्या नशिबी असं काही नसतं. आमच्याकडे दोन निवृत्त घोड्या आहेत, त्या दूध तोडलेल्या शिंगरांच्या कळपात आयाबायांसारख्या फिरतात आणि दंगा करणाऱ्याला चावून सरळ करतात. एका घोडीचा उरलेला आयुष्यभराचा चारा सुरुवातीच्या हिशेबातच धरा.

फार्म बघायला केव्हा येऊ?

जानेवारी ते मे नको. तेव्हा विण्याचा आणि कव्हरिंगचा हंगाम असतो आणि आम्ही कुणाशी धड बोलत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये या, चिखलात. आदल्या आठ दिवसांत दुसऱ्या पागेत गेला असाल तर आधी सांगा, फाटकापाशी बूट धुवावे लागतील. गमबूट सोबत आणा, आमच्याकडे दहा नंबरपर्यंतच आहेत.